दिव्याला जोडी मिळेना

सण जवळ आला की मला येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी हट्ट, झोप, जेवण. आता सजावट, भेटकार्डं, गाणी. या खेपेला बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते: सणाच्या निमित्तानं लहान मुलांना यमक जुळणारे शब्द कसे शिकवायचे? बालवर्गात मी २१ वर्षं काढली. उत्तरं लिहिताना त्यातल्या माझ्या फजित्याच जास्त आठवल्या.

प्रश्न : ताई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. 'दिवा'सारखा वाजणारा शब्द सांग म्हटलं की तो 'उजेड' म्हणतो. 'फूल' म्हटलं की 'वास'. त्याला हे कळतच नाही का?

उत्तर : कळतंय की! तुम्ही शब्दाच्या आवाजाबद्दल विचारता आणि तो अर्थाबद्दल उत्तर देतो, एवढंच. आजवर शब्द त्याच्या उपयोगी पडले ते अर्थामुळे. 'पाणी' म्हटलं की पाणी मिळालं. शब्दाला अर्थ सोडून नुसता आवाजही असतो, हे त्याच्यासाठी नवीन आहे.

'सांग' हा प्रश्नच त्याला सध्या जड आहे. मुलं यमक आधी ओळखतात आणि स्वतः जुळवायला लागतात ते बऱ्याच नंतर. म्हणून तीन शब्द म्हणा, 'माळ, बाळ, फूल', आणि विचारा, यातला वेगळा कोण? लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना असाच 'वेगळा शब्द शोधा' खेळ दिला होता. ज्यांचा कान त्यात तयार होता ती मुलं पुढे वाचनातही सरस ठरली. १९८३ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. म्हणजे हा नुसता वेळ घालवायचा खेळ नव्हे.

आणि 'दिवा' निवडून तुम्ही स्वतःचीच पंचाईत करून घेतलीत! सण म्हटला की सगळ्यांना तोच आधी सुचतो, पण त्याला चांगली जोडीच मिळत नाही. 'हवा', 'नवा', 'तवा' यांत शेवटचा 'वा' जुळतो, आधीचा 'दि' एकटाच राहतो. 'माळ-बाळ-टाळ-जाळ'मध्ये फक्त पहिला आवाज बदलतो, बाकी सगळं तसंच. लहान कानाला हे चटकन पकडता येतं. 'माळ', 'हार', 'पान', 'फूल', 'रंग', 'खेळ' घ्या. दिवा नुसता लावा.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. वर्गात २४ मुलं आहेत. सणाआधीच्या आठवड्यात रोज अर्धा तास सजावटीला मिळतो. त्यात यमक कसं बसवू? कार्डांच्या जोड्या लावून घ्याव्यात असं मनात आहे.

उत्तर : कार्डं मीही केली होती. दोन रात्री जागून कागदी दिव्यांचे आकार कापले आणि प्रत्येकावर एक चित्र काढलं. पान आणि कान, हार आणि दार, फूल आणि मूल. वर्गात सगळ्यांनी भराभर जोड्या लावल्या, एकही चूक नाही. मी हरखले. मग एका चिमुरडीनं सांगितलं, "बाई, लाल लालजवळ, पिवळा पिवळ्याजवळ." जोडीतली दोन्ही कार्डं मी एकाच कागदातून कापली होती! तोंडानं एक शब्द न उच्चारता वर्गानं यमकाचा पाठ पुरा केला होता.

तेव्हापासून माझं एक म्हणणं आहे. यमक कानाचं काम आहे आणि सजावट हाताची. हात कामात असतील तर कान मोकळा असतो, म्हणून सण सोयीचा. पण कात्री, डिंक, चमकी यांनी मुलाचं सगळं लक्षच ओढून घेतलं तर शब्द गेला. म्हणून हाताचं काम अगदी सोपं ठेवायचं आणि पुढचं पाऊल शब्दाशिवाय पडणार नाही असं बघायचं.

माझा ठरलेला खेळ कागदी साखळीचा. कागदाच्या पट्ट्या तुम्ही आधीच कापून ठेवा. मुलांनी त्या वळवून एकमेकींत अडकवायच्या, इतकंच. प्रत्येक साखळीला एक नाव: 'हार'ची साखळी, 'माळ'ची साखळी, 'पान'ची साखळी. कडी जोडायची तर त्या नावाशी जुळणारा शब्द मोठ्यानं म्हणायचा. दार, तार, चार, गार, फार, भार... 'हार'ची साखळी आमच्याकडे जमिनीला टेकायची. एका वर्षी मी मुद्दाम 'दिवा'चीही लावली. ती दोन कड्यांवरच अडली आणि मुलांना तिची दया आली. "बाई, तिला 'टिवा' चालेल का?" मी म्हटलं, चालेल. मग 'किवा', 'लिवा', 'मिवा' करत तीही वाढली. कुठल्या शब्दाचं कुटुंब मोठं आणि कुठल्याचं छोटं, हे त्या दिवशी मुलांनी भिंतीवर डोळ्यांनी पाहिलं. हे मला ठरवून सुचलं नसतं.

साखळीचा कंटाळा आला की पिशवी. भेटवस्तूच्या कागदात गुंडाळलेल्या चार वस्तू तिच्यात ठेवा आणि म्हणा, "आत आहे ते 'झेंडू'सारखं वाजतं." कुणीतरी 'चेंडू' ओरडेपर्यंत पिशवी उघडायची नाही. मग 'रान'वरून पान, 'मूल'वरून फूल. वस्तू मात्र अशा निवडा की त्यांना घरोघरी एकच नाव असेल. एकदा माझ्या पिशवीत वाटी होती आणि निम्मा वर्ग तिला 'बाउल' म्हणत होता.

२४ मुलांना एकदम घेऊ नका. सहा-सात जणांचा गट, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. बाकीच्यांना रंगवायला द्या. मुलं "अजून एकदा" म्हणत असतानाच थांबा, म्हणजे उद्या तीच आठवण करून देतील.

प्रश्न : मुलगी 'फुगा-टुगा-लुगा-शुगा' असं काहीबाही बडबडते. खरे शब्द सांग म्हणून दुरुस्त करायचं का?

उत्तर : मुळीच नाही. तिला यमक आलं! अर्थ नसलेला शब्द जुळवणं म्हणजे अर्थाचा आधार सोडून निव्वळ आवाजावर चालणं. तसंही आपण मोठी माणसं दिवसभर हेच करतो: फुगे-बिगे, पाहुणे-बिहुणे, सजावट-बिजावट. तिला म्हणावं, प्रत्येक गोष्टीला 'बि' लाव. गंमत अशी की 'मिठाई-बिठाई' छान जुळतं, पण 'हार-बिर' जुळत नाही, कारण त्यात स्वरच बदलतो. पाच वर्षांच्या मुलांना ही लबाडी ऐकू येते. तिला विचारून बघा.

प्रश्न : आमचा साडेतीन वर्षांचा नातू 'माळ'ला 'माल' आणि 'बाळ'ला 'बाल' म्हणतो. आधी उच्चार सुधारावा की यमकाचे खेळ चालू ठेवावेत?

उत्तर : आजोबा, खेळ चालू ठेवा. 'माल-बाल' हेही यमकच, नाही का? 'ळ' बऱ्याच मुलांच्या जिभेवर उशिरा येतो, कानात तो आधीच असतो. पडताळा घ्यायचा तर तुम्हीच माळ हातात धरून म्हणा, "ही बघ माल." तो बहुधा चिडून तुम्हाला दुरुस्त करेल, तेही 'माल' असंच म्हणून! जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या मुलांच्या भाषेच्या अभ्यासकांनी १९६० साली अशाच एका मुलाची नोंद केली आहे. तो स्वतः 'फिश'ला 'फिस' म्हणायचा, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलेलं त्याला मुळीच खपायचं नाही.

मात्र नातू एकंदरीतच सारखं "काय?" विचारत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा सर्दीत त्याचा कान वरचेवर दुखत असेल, तर यमक बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्या.

प्रश्न : भेटकार्डावर मुलाकडून दोन ओळींची कविता करून घ्यायची आहे. तो म्हणतो, मला येत नाही.

उत्तर : दोन ओळी तुम्ही करा आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी ठेवा.

दारावरती लावली माळ,
टाळ्या वाजवतं छोटं ...

आज सगळ्यांना भरपूर वेळ,
अंगणात रंगला आमचा ...

म्हणताना रिकाम्या जागी थांबा, आणि खरोखर थांबा. आपल्याला दोन क्षणही फार वाटतात आणि आपणच शब्द पुरवतो. मनात पाचपर्यंत मोजा. माझ्या वर्गात एकानं 'छोटं कुत्रं' म्हटलं होतं. सगळे हसले, तोही हसला आणि मग स्वतःच म्हणाला, "नाही बसत." मी काही सांगायच्या आत!

प्रश्न : सण संपला की सगळं विसरतात. सजावट काढली की खेळही संपला.

उत्तर : मग एकदम काढू नका. साखळी खाली घ्या आणि रोज झोपायच्या आधी एक कडी तोडा. तोडणाऱ्यानं तिचा शब्द म्हणायचा, शक्यतो आदल्या दिवशीचा सोडून. आमच्या वर्गातली 'पान'ची साखळी अशी तीन आठवडे पुरली. शेवटची कडी कुणालाच तोडायची नव्हती, म्हणून ती फळ्याच्या खिळ्यावर तशीच लटकत राहिली.