मधल्या जाड्या कोणाच्या?

प्रश्न : मी अक्षररचनेची विद्यार्थिनी असून पदविकेसाठी देवनागरी फॉन्ट करीत आहे. सर्वांत बारीक आणि सर्वांत ठळक ही दोन रूपे मी स्वतः रेखाटली, तर मधली पाच सॉफ्टवेअरने काढून दिली. ही पाच तुमची कशी, असे परीक्षकांनी विचारले. मी काय उत्तर द्यावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या परीक्षकांची शंका जुनी आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ पासून ‘मेटाफॉन्ट’ ही संगणकीय भाषा घडवली, तीत अक्षर म्हणजे लेखणीचा मार्ग आणि तिची जाडी, उंची वगैरे बदलते आकडे. आकडे बदलले की नवा टंक, म्हणजे फॉन्ट, तयार. बहुतेक अक्षररचनाकारांना ती मानवली नाही, कारण ते समीकरणांतून नव्हे, तर कडा डोळ्यांनी पाहत विचार करतात. (देवनागरीही तिच्यातून सुटली नाही, नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या फ्रान्स व्हेल्थुइस यांनी १९९१ मध्ये तीत देवनागरी टंक केला.)

आपले सॉफ्टवेअर याहून साधे काम करते : दोन रेखाटनांतील जुळत्या बिंदूंच्या दरम्यानची जागा ते काढते. पण ‘मधले’ म्हणजे कोणते? उभ्या दांड्याची जाडी एकीकडे २० आणि दुसरीकडे १८० एकके असेल, तर सरळ सरासरी १०० येते. डोळा मात्र फरक गुणोत्तराने मोजत असल्याने त्याला ती ठळकाकडे झुकलेली वाटते, आणि गुणोत्तराने काढलेली मधली जाडी ६० भरते. या दोहोंमध्ये कोठे थांबायचे, हे आपण ठरवले की सॉफ्टवेअरच्या आयत्या पर्यायावर सोडले?

देवनागरीत अडचण आणखी वाढते. ठळक रूपात ‘क्ष’ची गाठ बुजते, ‘ष्ठ’मधली पोकळी मिटते, म्हणून रचनाकार तिथे रेषा मुद्दाम बारीक करतो, ही सवलत मधल्या रूपांत कितपत झिरपावी, हे गणिताला कळत नाही. साधनाने काही ठरवले म्हणून काम त्याचे होत नाही : बोरूच्या तिरप्या कापानेही जाड-बारीक ठरत असे, तरी लेखनाचे श्रेय कोणी बोरूला दिले नाही. मला खरा धोका वेगळाच दिसतो : ज्या गुणाला सॉफ्टवेअरमध्ये सरकपट्टी (सरकवून आकडा बदलायची पट्टी) असते तोच बदलून पाहिला जातो, आणि शिरोरेषेशी काना कसा जुळावा यासारखा प्रश्न मनात उमटतच नाही.

म्हणून परीक्षकांपुढे पाचही रूपांतील क्ष, ज्ञ, द्ध, ष्ठ मजकुराच्या आकारात छापून ठेवा आणि प्रत्येकात आपण काय हलवले व का, ते दाखवा. एकही बिंदू हलवला नसेल, तर त्यांची शंका योग्यच आहे.