वाचकांचे प्रश्न : उभं उतरणारी लढाऊ विमानं

प्रश्न : दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर सी हॅरियर ही लढाऊ विमानं सरळ खाली उतरताना पाहिली आहेत. मग ‘विराट’ या विमानवाहू जहाजावरून उडताना त्यांना धावत उतारावर का चढावं लागे? (वास्को)

उत्तर : वजनामुळे. सी हॅरियरच्या पेगासस इंजिनाचा रेटा (ढकलण्याचा जोर) साधारण पावणेदहा टन, आणि इंधन-शस्त्रांनी पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन जवळपास बारा टन. हवेत स्थिर राहताना पंख काहीच उचलत नाहीत, सगळा भार इंजिनावर. म्हणून उडताना धाव घेऊन, ‘विराट’च्या पुढच्या टोकाच्या १२ अंशांच्या चढावाचा फायदा घेत, पंखांनाही कामाला लावायचं. परतताना इंधन जळालेलं असतं म्हणून उभं उतरता येतं. शस्त्रं न वापरता परतलं आणि वजन जास्त भरलं, तर ती समुद्रात टाकावी लागतात.

त्यात आपली उष्ण हवा. हवा विरळ झाली की रेटा घटतो. त्यावर तोड म्हणून इंजिनात पाणी फवारत. सुमारे सव्वादोनशे लिटर पाणी जेमतेम दीड मिनिट पुरे. उतरण्याचा निर्णय तेवढ्यात व्हायला हवा.

जमिनीजवळ आणखी एक घोळ होतो. उतरताना खाली वळवलेल्या नोझलचे, म्हणजे इंजिनाचा झोत सोडणाऱ्या तोट्यांचे, झोत खाली आपटून वर उसळतात आणि गरम वायू इंजिनाच्या तोंडात शिरतात. रेटा ऐन वेळी पडतो. म्हणून शेवटच्या काही मीटरांत रेंगाळायचं नसतं. ठामपणे टेकायचं आणि चाकं टेकताच थ्रॉटल बंद. पोटाखालच्या तोफांच्या पेट्या या उसळत्या हवेला अडवून थोडा आधारही देत.

बाजूचा वारा मात्र खरा वैरी. कमी वेगात शेपटीचा उपयोग नसतो. नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांवरच्या छिद्रांतून इंजिनाची दाबाची हवा सोडून तोल सांभाळावा लागतो. नाक वाऱ्यापासून फार वळलं, तर विमान कलंडतं आणि ती हवा त्याला सावरायला अपुरी पडते. म्हणून पायलटच्या काचेपुढे वाऱ्याची दिशा दाखवणारी एक साधी पट्टी बसवलेली असे. इतक्या महागड्या विमानातला बहुधा सर्वांत स्वस्त सुटा भाग!

प्रश्न : जून २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमला उतरलेलं ब्रिटिश विमान एफ-३५बी, म्हणजे उभं उतरू शकणारं लढाऊ विमान होतं. त्यात पायलटला न विचारता सीट बाहेर फेकली जाते, हे खरं का? (पुणे)

उत्तर : खरं, पण फक्त उभ्या उड्डाणाच्या अवस्थेत. हॅरियरची चार नोझल्स गुरुत्वमध्याभोवती मांडलेली, एकाच इंजिनावर चालणारी. इंजिन बंद पडलं तर चारही झोत एकदम मंदावतात. एफ-३५बीत कॉकपिटमागे मोठा पंखा आहे. तो मुख्य इंजिनाला शाफ्ट आणि क्लचने जोडलेला असतो, आणि मागचं नोझल खाली वळतं. म्हणजे निम्मा भार पुढे, निम्मा मागे. शाफ्ट तुटला तर पुढचा आधार जातो, मागचा रेटा मात्र शेपूट वर ढकलत राहतो आणि विमान नाकावर कोसळतं. माणसाला हँडल ओढायला लागणारा वेळ तिथे मिळतच नाही. सोव्हिएत याक-३८मध्येही वर उचलणारी दोन वेगळी इंजिनं कॉकपिटमागे होती आणि तिथेही सीट आपोआप फेकण्याचा हाच उपाय केला होता. यंत्रणा फार हळवी ठेवली तर धड विमान वाया जाणार, फार मंद ठेवली तर पायलट.

प्रश्न : मग हा पंखा एरवी नुसतं ओझंच ना? (ठाणे)

उत्तर : हो. त्याच्या जागेपायी आतलं इंधन एफ-३५ए या धावपट्टीवरून उडणाऱ्या भावंडाच्या सव्वाआठ टनांवरून सहा टनांच्या आसपास येतं. पोटातल्या कप्प्यात २,००० पौंडांऐवजी १,००० पौंडांचे बॉम्ब मावतात आणि वळणाची मर्यादा ९ जीऐवजी ७ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट भार). बदल्यात पुढचा झोत थंड असतो, त्यामुळे गरम वायू गिळण्याचा त्रास हॅरियरपेक्षा कमी. ब्रिटिशांनी २०१८ पासून थोडा पुढचा वेग ठेवून उतरण्याच्या चाचण्या घेतल्या. पंख थोडा भार उचलतात आणि शस्त्रं परत आणता येतात. फक्त ओल्या डेकवर ब्रेक लागायला हवेत.