वाचकांचे प्रश्न : गाडी आपोआप थांबेल का?

प्रश्न : वर्धा रोडवर संध्याकाळी आईला घेऊन रस्ता ओलांडावा लागतो. नव्या गाड्यांत 'एडास' (कॅमेरा-रडारने रस्ता बघून चालकाला मदत करणारी यंत्रणा) असतं, माणूस आडवा आला की ब्रेक आपोआप लागतो म्हणतात. त्यावर किती विसंबावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अजिबात विसंबू नका. समोरच्या गाडीत ही यंत्रणा आहे का, असली तर चालू आहे का, हे बाहेरून कळत नाही. दुचाकींत तर ती सहसा नसतेच. नागपुरात 'आयरास्ते' या रस्ता-सुरक्षा प्रकल्पातून महापालिकेच्या बसमध्ये बसवलेली यंत्रणाही फक्त इशारा देते. ब्रेक चालकालाच दाबावा लागतो.

शिवाय ताशी ६० किमी वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लागल्यावरही साधारण २० मीटर पुढे जाते. मेट्रोच्या खांबाआडून तुम्ही १० मीटरवर अचानक समोर आलात, तर कॅमेऱ्याने लगेच ओळखूनही धडक चुकत नाही, फार तर तिचा जोर कमी होतो. म्हणून खांबाला किंवा उभ्या बसला खेटून रस्त्यात उतरू नका. येणारी गाडी लांबून दिसेल इतकं बाजूला सरका.

अंधारात धोका आणखी वाढतो. २०१८ मध्ये एका रात्री अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवलं. त्यात तिचा जीव गेला. यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती! पण कधी वाहन, कधी 'इतर', कधी सायकल अशी तिची ओळख बदलत राहिली, आणि दर बदलाला आधीचा माग पुसला गेला. ती कुठे निघालीय हे गाडीला वेळेत उमगलंच नाही. हातगाडी, डोक्यावरचं गाठोडं, उघडी छत्री यांनीही माणसाचा आकार असाच बदलतो.

तेव्हा दिव्याखालून ओलांडा, आईला फिक्या रंगाचे कपडे घालायला सांगा. हात दाखवा, पण चाकं थांबल्याशिवाय पाऊल टाकू नका. पहिल्या लेनमधली गाडी थांबली तरी तिच्या बोनेटच्या टोकाशी थांबून पलीकडची लेन बघा. बहुतेकदा तिथूनच दुचाकी निघते.

प्रश्न : माझ्या गाडीत 'एडास' आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आतल्या आरशामागे, कॅमेऱ्यासमोरची काच रोज पुसा. फास्टॅग किंवा देवाचं स्टिकर तिथे नको. अनेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की आपोआप लागणारा ब्रेक सुटतो, हेही लक्षात असू द्या. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याचा रोख पुन्हा अचूक जुळवणं) करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.