क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर काम करणाऱ्याने कशाला जपावं?

तुम्ही विचारलंय: धाकटा भाऊ भोसरीत हार्ड क्रोम प्लेटिंगच्या (विजेच्या साह्याने धातूच्या भागांवर क्रोमचा जाड थर चढवण्याच्या) शॉपमध्ये टाकीवर लागलाय. तिथले जुने लोक म्हणतात, "घरातल्या स्टीलच्या ताटातही क्रोमियम असतं, काही होत नाही." तुम्हाला मात्र वाचताना सगळीकडे कॅन्सर दिसतोय. मग खरं काय?

ताटाबद्दल ते बरोबर बोलतात, टाकीबद्दल साफ चूक. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. त्यातलं क्रोमियम त्रिसंयुजी (Cr³⁺). ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पेशीत सहज शिरत नाही. टाकीत असतं क्रोमिक ॲसिड, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम (Cr⁶⁺). क्रोमेटच्या आयनाची ठेवण सल्फेटसारखी असते, त्यामुळे शरीरातली पेशी सल्फेट ज्या वाटेने आत घेते त्याच वाटेने यालाही घेते. आत त्याचं त्रिसंयुजी रूप होतं आणि ते होताना डीएनए दुखावतो. आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी संयुगं गट १ मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर करणारी म्हणून ठेवली आहेत. धोका मुख्यतः फुप्फुसाला.

आता हे अंगात जातं कसं? बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, साधारण लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक आणि २.५ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड असतं, तापमान ५० ते ६० अंश. या बाथची कार्यक्षमता फार कमी. दिलेल्या करंटपैकी १० ते २० टक्केच क्रोम चढवण्यात जातो, बाकीचा बहुतेक हायड्रोजन काढण्यात. त्याचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा क्रोमिकचा सूक्ष्म तुषार हवेत उडवतो. तो नाकात जातो. अमेरिकेत २००६ पासून आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. इतका तुषार डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून "हवा स्वच्छ दिसते" याला काही अर्थ नाही. खुणा दुसरीकडे शोधा: टाकीच्या काठावर, हॉइस्टच्या साखळीवर, भावाच्या शर्टाच्या बाहीवर पिवळे-तपकिरी ठिपके दिसत असतील तर एक्झॉस्ट (टाकीच्या काठावरून तुषार ओढून घेणारी यंत्रणा) कमी पडतोय.

एक्झॉस्ट तपासायला काठावरच्या फटीसमोर पातळ प्लास्टिकची पट्टी धरा, ती फटीकडे ओढली गेली पाहिजे. अगरबत्ती वापरू नका, वर हायड्रोजन असतो. टाकी रुंद असेल तर एकाच बाजूचं सक्शन पुरत नाही, मध्यावरचा तुषार सुटतो. बाथमध्ये मिस्ट सप्रेसंट (तुषार कमी करणारं रसायन) घालून पृष्ठताण सेंटीमीटरला ३०-३५ डाइनपर्यंत उतरवला की फरक पडतो, पण पीएफओएस हे घातक फ्लोरीनयुक्त रसायन नसलेलंच घ्या. फेसाचा जाड थर करणारं सप्रेसंट हार्ड क्रोमवर मला पटत नाही: फेसात हायड्रोजन अडकतो आणि रॅकच्या (भाग टांगायच्या चौकटीच्या) सैल काँटॅक्टवर ठिणगी पडली की धडाका होतो.

नाक आणि कातडी यांच्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन. नाकातल्या पडद्याला आणि बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला ज्या जखमा होतात त्या बऱ्याचदा दुखत नाहीत, म्हणून माणूस काम करत राहतो. नाकात खपली धरणं, अधूनमधून रक्त येणं ही सुरुवात; दुर्लक्ष झालं तर पडद्याला आरपार भोक पडतं. हातावरची जखम गोल, उभ्या कडांची, खोल आणि भरून यायला आठवडे घेणारी. पाळी सुरू होण्यापूर्वी हात उजेडात नीट पाहावेत, ओरखडा असला तर वॉटरप्रूफ पट्टी लावूनच टाकीवर जावं. हातमोजे कोपरापर्यंतचे, पीव्हीसी किंवा निओप्रीनचे. चामड्याचे किंवा सुती नकोत. रुमाल बांधून उपयोग नाही, पी१०० फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) हाफ मास्क हवा. शॉपमध्ये तंबाखू मळणं पूर्ण बंद, कारण तळहातावरचं क्रोमिक सरळ तोंडात जातं. कपडे कारखान्यातच बदलून तिथेच धुवावेत, घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं, डोळ्यात गेलं तरी तसंच आणि मग लगेच डॉक्टर. मोठा भाग भाजला असेल तर तासाभराचीही वाट पाहू नका. क्रोमिक कातडीतून रक्तात उतरून मूत्रपिंडं बिघडवतं. दवाखान्यात "ॲसिडने भाजलं" एवढंच न सांगता क्रोमिक ॲसिडचं नाव सांगा. सांडलेल्या फ्लेक्सवर (क्रोमिक ॲसिडच्या कोरड्या पापुद्र्यांवर) भुसा, गोणपाट टाकू नये आणि थिनर, स्पिरिट, ॲसिटोन जवळ ठेवू नये, पेट घेतात. सांडलं तर कोरडी वाळू.

रिन्सच्या पाण्याचंही (प्लेटिंगनंतर भाग धुतलेल्या पाण्याचंही) बघा, कारण ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या जागी, घोटाळा इथेच होतो. नुसता चुना टाकून षट्संयुजी क्रोमियम खाली बसत नाही. आधी सल्फ्युरिकने पीएच २ ते २.५ वर आणायचा, मग एक किलो क्रोमियमला सुमारे तीन किलो सोडियम मेटाबायसल्फाइट (गणिताने २.७४, थोडं जास्त धरायचं). ढवळत अर्धा तास दिला की पिवळं पाणी हिरवं होतं. त्यानंतर चुन्याने पीएच ८ ते ८.५, की हायड्रॉक्साइडचा गाळ बसतो. पीएच ५ वरच मेटाबायसल्फाइट टाकलं तर क्रिया रखडते आणि पिवळं पाणी तसंच पुढे जातं. चुना बेसुमार पडला तर बसलेला गाळ पुन्हा विरघळायला लागतो. दुसऱ्या प्लेटिंगच्या सायनाइड बाथचं पाणी या आम्लाच्या टाकीत चुकूनही येता कामा नये, जीवघेणा वायू सुटतो. सोडण्याआधी डायफिनाइलकार्बाझाइडची चाचणी करा, जांभळा रंग आला तर षट्संयुजी शिल्लक आहे. सोडायच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. गाळ रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या घातक कचरा केंद्रातच जायला हवा.

शोभेच्या पातळ क्रोमला त्रिसंयुजी बाथ उत्तम चालतात, तिथे षट्संयुजी चालू ठेवायला मला काही कारण दिसत नाही. हायड्रॉलिक रॉडसारख्या जाड थराला मात्र अजून बहुतेक ठिकाणी हाच बाथ लागतो, म्हणजे भावाचं काम लवकर बदलेल असं नाही. त्याची दर सहा महिन्यांनी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून नाकाची तपासणी आणि वर्षाला फुप्फुसांची चाचणी करून घ्या. 'क्रोम अल्सरेशन' (क्रोममुळे होणाऱ्या जखमा) हा कायद्याने सूचनीय आजार आहे: आढळला तर तो कळवणं व्यवस्थापनावर आणि डॉक्टरवर बंधनकारक आहे. त्यामुळे डॉक्टरांना भाऊ टाकीवर काम करतो हे पहिल्याच भेटीत सांगा आणि तसं केसपेपरवर लिहून घ्या.