शुल्काचे नंतर पाहू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : माझे पती (वय ५४) मार्चअखेर कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. कर वगैरे जाऊन ३१ लाख रुपये हाती आले. त्यातून ८ लाखांचे गृहकर्ज फेडले, ४ लाख घराच्या दुरुस्तीला लागले आणि १० लाखांची मुदत ठेव केली. बँकेतील अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने मे महिन्यात पतींच्या नावे एक ‘गॅरंटीड’ योजनाही घेतली : वर्षाला ३ लाख, दहा वर्षे, आणि सतरा वर्षांनी ५५ लाख. ती मोडता येत नाही, असे ते म्हणाले. पॉलिसी ४ जूनला पोस्टाने आली. उरलेले ६ लाख बचत खात्यात आहेत. मी (वय ४९) अनुदानित शाळेत शिक्षिका असून हातात ५८ हजार पगार येतो. घरखर्च ३० हजार, सासऱ्यांची औषधे ४ हजार आणि मुलीचा पुण्यातील खर्च ११ हजार आहे. मुलगी अर्थशास्त्र घेऊन एस.वाय.बी.ए. झाली. बारावी कला शाखेतून केली, पण गणित घेतले होते आणि त्यात ८१ गुण आहेत. आता तिला बी.ए. सोडून एका खासगी विद्यापीठात डेटा सायन्सच्या चार वर्षांच्या बी.एस्सी.ला जायचे आहे. राहण्या-जेवणासह वर्षाला ५ लाख खर्च येईल. नंतर आठ-दहा लाखांचे पॅकेज मिळते, असे सांगतात. यासाठी मुदत ठेव मोडावी, सोने गहाण ठेवावे की शैक्षणिक कर्ज काढावे? मुलींना शिक्षण मोफत झाले आहे, त्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमचे पत्र २१ जूनला मिळाले. त्यातील एका वाक्यापुरते उत्तर मी, हा मजकूर प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता, त्याच दिवशी तुम्हाला कळवले. ते वाक्य मुलीच्या प्रवेशाबद्दलचे नव्हते. ‘ती मोडता येत नाही’ हे ते वाक्य, आणि ते खोटे आहे. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा हक्क ग्राहकाला असतो. त्याला ‘फ्री लुक’ म्हणतात, आणि २०२४ पासून ही मुदत १५ ऐवजी ३० दिवसांची झाली आहे. तेवढ्या दिवसांच्या विमाछत्राची किंमत, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी हप्ता परत मिळतो. तुमच्या ३ लाखांतून जाणारी रक्कम हजारांत मोजण्याइतकीच असेल. पोस्टाची तारीख धरली, तर मुदत ४ जुलैला संपते. मात्र पतींच्या ई-मेलवर हीच पॉलिसी त्याआधी आली असेल, तर दिवस त्या तारखेपासून मोजलेले बरे. म्हणूनच घाई केली.

अर्ज विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन लेखी द्यावा, सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला धनादेश जोडावा, आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. बँकेतील त्या अधिकाऱ्यांमार्फत अर्ज पाठवू नये. ‘थोडे थांबा, मी वरच्यांशी बोलतो’ असे सांगत तीस दिवस उलटू देण्याचे कसब या धंद्यात अनेकांना साधलेले आहे. कंपनीने टाळाटाळ केली, तर ‘बीमा भरोसा’ या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर पुण्यातील विमा लोकपालांचे कार्यालय आहेच.

आता मी एवढा आग्रह का धरला, ते सांगतो. तुमच्या पगारातून खर्च वजा जाता महिन्याला १३ हजार, म्हणजे वर्षाला दीड लाख उरतात, आणि त्यातही दिवाळी, लग्नकार्ये किंवा दुचाकीची दुरुस्ती मी धरलेली नाही. दीड लाख शिल्लक राहणाऱ्या घराने दरवर्षी ३ लाख भरण्याचे दहा वर्षांचे वचन दिले आहे, आणि ज्यांच्या नावाने ते दिले आहे त्यांचा पगार मार्चमध्येच थांबला आहे. तुम्ही ५८व्या वर्षी निवृत्त व्हाल, आणि शेवटचा हप्ता नेमका त्याच वर्षी येतो. त्यात मुलीचे ५ लाख मिळवले, तर वर्षाचा खर्च ८ लाखांवर जातो. तिच्यावर आज होणारा सव्वा लाखाचा खर्च वाचेल असे धरले, तरी भरायला तुमच्याकडे पावणेतीन लाखच असतात. पहिला हप्ता भरून झाला असल्याने पहिल्या वर्षी सव्वादोन लाखांची तूट येईल आणि पुढील तिन्ही वर्षे ती सव्वापाच लाखांची राहील. म्हणजे मुलगी पदवीधर होईपर्यंत मुदत ठेव आणि बचत खात्यातील १६ लाख व्याजासकट संपलेले असतील, आणि पॉलिसीचे सहा हप्ते तेव्हाही बाकीच असतील. मध्येच हप्ते थांबवले, तर नव्या नियमांनुसार एक वर्ष पूर्ण झाल्यावर काही रक्कम परत मिळते खरी, पण सुरुवातीच्या वर्षांत ती भरलेल्या पैशांपेक्षा बरीच कमी असते.

‘तीसचे पंचावन्न’ हे ऐकायला गोड वाटते. पण पैसे दहा वर्षे भरत राहायचे आणि सतराव्या वर्षाअखेर परत घ्यायचे, असा हिशोब मांडला की परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. हेच ३ लाख तुम्ही दोघांनी दीड-दीड लाख करून पीपीएफमध्ये ठेवले असते, मुदत संपल्यावर खाती पुढे वाढवली असती आणि २०२० पासून चालू असलेला ७.१ टक्के दर तसाच राहिला असता, तर त्याच काळात सुमारे ७२ लाख झाले असते. तुम्ही पीपीएफमध्ये भरावे असे मी सुचवत नाही, कारण वर्षाला ३ लाख भरण्याची ऐपतच आज घरात नाही. ‘गॅरंटी’ या शब्दासाठी सतरा लाखांची किंमत लावली गेली, आणि तीही सरकारी हमीची योजना शेजारी उपलब्ध असताना, एवढेच दाखवायचे आहे.

तुम्ही प्रस्तावाच्या अर्जाची प्रत सोबत पाठवली हे बरे केले. त्यात मे महिन्यात पतींचा व्यवसाय ‘नोकरी’ आणि वार्षिक उत्पन्न ९ लाख असे लिहिले आहे. हे कोणी भरले ते मी विचारत नाही. पडताळणीच्या फोनवर ‘हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकेल’ असे सांगितले जाते, आणि माणसे हो म्हणतात. पण विमा कायद्याच्या ४५व्या कलमानुसार पहिली तीन वर्षे कंपनी अशा चुकीच्या माहितीवर बोट ठेवू शकते, म्हणजे जे ३० लाखांचे विमाछत्र विकत घेतले असे तुम्हाला वाटते, तेही भक्कम पायावर उभे नाही. शिवाय घरात कमावते माणूस आता एकच आहे आणि ते तुम्ही आहात, तरीही विमा मात्र पतींच्या जिवाचा उतरवला गेला. हप्ता परत आल्यावर तुमच्या नावाने साठीपर्यंतचा ५० लाखांचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या. वर्षाला दहा-पंधरा हजारांत तो बसावा. कारखाना सुटल्याबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही सुटला असणार. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, तिची मुदत शिल्लक आहे का ते तातडीने विचारा. ती गेली असेल, तर कुटुंबासाठी १० लाखांची नवी पॉलिसी घ्या. तिला वर्षाला तीस-चाळीस हजार लागतील आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, पण ५४व्या वर्षी त्यावाचून राहणे अधिक महाग पडेल.

आता मुलीबद्दल. तिने विज्ञानाकडे वळू नये, असे माझे म्हणणे नाही. तिने शून्यापासून सुरुवात करू नये, एवढेच म्हणणे आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या आराखड्यानुसार आपल्याकडे दोन वर्षांत ८८ क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, होतात आणि ती ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात, पण त्यांपैकी किती स्वीकारायची हे नव्या संस्थेच्या हातात असते. तुम्ही पाठवलेल्या प्रवेशपत्रात तिला प्रथम वर्ष दिले आहे, म्हणजे तिची दोन वर्षे त्या विद्यापीठाच्या लेखी झालीच नाहीत. तिथे गेली, तर तिला आणखी चार वर्षे लागतील आणि हाती पदवी येईल. आहे तिथे एक वर्ष काढून पुढे दोन वर्षांचे एम.एस्सी. केले, तर तीनच वर्षांत पदव्युत्तर पदवी मिळेल. चार वर्षांचा २० लाखांचा खर्च आणि एका वर्षाचा बुडालेला पगार यांच्या समोर सव्वा लाखाचे शेवटचे वर्ष आणि पुढील दोन वर्षांचे, राहणे धरून, चार-पाच लाख असा हा तोल आहे.

अर्थशास्त्र हा सामाजिक शास्त्रांमधला असा विषय आहे, की त्याला विज्ञानाचा दरवाजा पदवीनंतर आपसूक उघडतो; मात्र गणित सोडलेले नसावे. तिचे बारावीचे गणित ही तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तुम्ही ती ओझरती लिहिली आहे. आपल्या मंडळाचे ‘गणित व संख्याशास्त्र’ कला आणि विज्ञान शाखांना एकच असते, त्यामुळे ८१ गुणांची ही मुलगी त्या विषयापुरती विज्ञानाच्या मुलांच्या बरोबरीचीच आहे. पुण्याची गोखले संस्था आणि रिझर्व्ह बँकेने मुंबईत गोरेगावला उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्यात्मक अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे, आणि तिथे शिकवणी शुल्क नाही, उलट विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते. तिची प्रवेश परीक्षा कठीण आहे आणि बहुतेकांना ती जमत नाही, हेही सांगून ठेवतो. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत लोकसंख्याशास्त्राचा अभ्यास होतो, आणि तिथे जनगणना आणि आरोग्य सर्वेक्षणांच्या आकडेवारीवर जे काम चालते त्यालाच बाहेर डेटा सायन्स म्हणतात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षात तिने संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक प्रश्न आकडेवारीवर तपासण्याचे शास्त्र) हे विषय मिळतील तिथून घ्यावेत.

तिला खरोखर डेटा सायन्सच हवे असेल, तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. पदवी आहे. तिला बारावीची शाखा आड येत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असले, की आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग पात्रता परीक्षा. एकाच वेळी दोन पदव्या करण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून मुभा दिलेली आहे, त्यामुळे बी.ए. सोडावे लागत नाही. पायाभूत टप्प्यातील आठ विषयांचे शुल्क तीस-पस्तीस हजारांच्या घरात जाते, आणि त्यात गणित, संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, तिघेही आहेत. तिला हे काम मनापासून आवडते की कोणाच्या सांगण्यावरून हवेसे वाटते, हे एवढ्या पैशांत वर्षभरात कळेल.

पॅकेजचे म्हणाल, तर प्रवेशपत्रावरून तो अभ्यासक्रम २०२३ मध्ये सुरू झाला आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी २०२७ मध्ये बाहेर पडेल. मग आठ-दहा लाख कोणाला मिळाले? माहितीपत्रकातील आकडे दुसऱ्याच शाखेचे असणार, आणि तेही बहुधा सर्वाधिक किंवा सरासरी. विचारायचा असेल, तर मध्यक पगार, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा पगार, विचारा, आणि मुलाखतीला किती बसले, त्यांतील किती निवडले गेले, हे लेखी मागा. हे विचारल्यावर विद्यापीठात पुढच्या भेटीत चहा मिळणार नाही एवढेच.

मोफत शिक्षणाचा निर्णय जुलै २०२४ चा आहे. तो केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींसाठी आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे इथे तो लागू होत नाही.

कर्जाचा हिशोबही करून पाहू. २० लाख चार वर्षांत टप्प्याटप्प्याने घेतले, दर साडेदहा टक्के धरला आणि शिक्षणानंतरच्या एका वर्षाची सवलत मिळवली, तर फेड सुरू होईपर्यंत सात लाखांवर व्याज साचते. मग २७ लाखांवर दहा वर्षे महिना ३७ हजारांचा हप्ता, म्हणजे पहिला पगार ४० हजार असला, तर मुलीकडे ३ हजार उरतील. शिवाय साडेसात लाखांच्या पुढे बँका सहसा तारण मागतात, आणि जे घर तुम्ही नुकतेच कर्जातून सोडवले तेच पुन्हा गहाण पडेल.

तेव्हा मुदत ठेव, सोने आणि कर्ज या तिन्हींपैकी या वर्षी कशालाही हात लावू नका. बी.ए.चे शेवटचे वर्ष पगारातून निघते. बचत खात्यातील ६ लाखांपैकी ऑनलाइन अभ्यासक्रमाचे शुल्क आणि दोन्ही विम्यांचे हप्ते बाजूला काढा. उरलेले पाच आणि परत येणारे सुमारे तीन लाख एक-एक वर्षाच्या वेगवेगळ्या मुदत ठेवींत ठेवा. त्यातील साडेपाच लाख हा घराचा वर्षभराचा खर्च आहे, त्याला एम.एस्सी.साठीही हात लावायचा नाही. एम.एस्सी.चे चार-पाच लाख बाकी अडीच लाख आणि पगारातील शिल्लक यांतून भागतील, कमी पडले तर ४ लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारण न देता मिळू शकते. खासगी विद्यापीठात भरलेले नोंदणीचे २५ हजार परत मिळण्यासाठी प्रवेश रद्द केल्याचा अर्ज आजच पाठवा, आणि त्याचीही पोच घ्या. पॉलिसीची रक्कम खात्यात जमा झाली, की मला दोन ओळी लिहा.