अल्फा राहू दे, आधी पोराशेजारी बस

रविवारी विश्रामबागेत आलीस, तासभर बसलीस आणि उठताना म्हणालीस, 'मॅडम, विषयच बदलून टाकते.' मी फाडकन बोलले, ते जरा जास्तच झालं. पण तू गेल्यावर डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितेय.

कन्नड शाळेतल्या पोरांची मराठी टेस्ट हा तुझा पीएचडीचा विषय, त्याच्या प्रेझेंटेशनला पॅनेलनं तुला काय विचारलं? सॅम्पल केवढं, अल्फा, म्हणजे टेस्टमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, किती, एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर येतं का. जतकडच्या कन्नड शाळेतलं पोरगं मराठी उतारा वाचताना नेमकं काय करतं, हे एकानं तरी विचारलं का? वर सल्ला काय, तर ५० पोरांनी काय होतंय, ५०० घ्या, एखादी तयार इंग्रजी टेस्ट मराठीत करून टाका, दोन महिन्यांत डेटा हातात. येईल ना हातात. माझ्याही आला होता.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहितीये. पीएचडीला मी आठवीच्या ३०० पोरांची इंग्रजी वाचनाची टेस्ट घेतली, अल्फा पॉइंट आठच्या वर आला, गाइड खूश, मी पेढे वाटले. प्रबंध टाइप होऊन आला त्याच आठवड्यात त्यातल्या एका शाळेत काही कामानं गेले होते आणि ज्याला माझ्या पेपरात पैकीच्या पैकी होते तो पोरगा व्हरांड्यात भेटला. एक प्रश्न होता, पेडलरनं विश्रांती कुठं घेतली, आणि यानं अख्खं वाक्य लिहिलेलं, 'द पेडलर रेस्टेड अंडर अ बनियन ट्री.' मी सहज विचारलं, पेडलर म्हणजे कोण रे? म्हणाला, सायकलचं पायडल मारणारा. फेरीवाला हे त्याच्या गावीच नाही. आणि रेस्टेड? गप्प. मग उत्तर कसं लिहिलंस? तर म्हणे, प्रश्नातला पेडलर धड्यात हुडकायचा आणि ती ओळ उतरायची, सर तसंच सांगत्यात.

मग मी आणखी चार पोरांना बोलावलं. चौघांचं तेच.

म्हणून तर अल्फा वर गेला होता गं! शब्द हुडकून ओळ उतरण्यात जो पटाईत तो सगळ्याच प्रश्नांत पटाईत, मग प्रश्न एकमेकांशी जुळणारच. प्रश्न जुळतात एवढंच अल्फा सांगतो, कशापायी जुळतात ते सांगत नाही, ते पोरगंच सांगतं. मी त्या पोराशेजारी वर्षभर आधी बसायला पाहिजे होतं, दहा मिनिटं, बास.

आणि मी काय केलं? प्रबंध तसाच सबमिट केला. नोकरी कन्फर्म व्हायची होती, मुलगी दोन वर्षांची होती, कारणं होती आणि खोटी नव्हती. पण नंतरही एक ओळ लिहिली नाही त्यावर. भाषेच्या टेस्टवर काम करणारा जॉन ओलर बघ, सत्तरच्या दशकात ठामपणे म्हणत होता की भाषेच्या सगळ्या कौशल्यांमागं मुळात एकच क्षमता असते, आणि पुढं त्यानंच मान्य केलं की त्या टोकाला जाऊन केलेला तो दावा चुकीचा होता. एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर चूक म्हणाला. मला एक पान जमलं नाही. तो प्रबंध अजून रॅकवर आहे आणि लोक त्यातले आकडे उचलतात.

टेस्ट जे मोजायचं तेच मोजते का यावर लिहिणारा मेसिक तू प्रकरण दोनमध्ये छान मांडलायस. १९८९, दोन धोके, जे मोजायचं त्यातलं बरंच सुटून जाणं आणि भलतंच काहीतरी मोजलं जाणं, सगळं पाठ आहे तुला. मग तयार टेस्टमधला तो मुंबईच्या लोकलचा उतारा जतच्या पोरापुढं ठेवायला तू तयारच कशी झालीस? त्याला लोकल माहीत नाही म्हणजे मराठी येत नाही का? आणि तू आणलेली ती वही, 'पाऊस आली, नदी भरला', तुमच्याच दोन शिक्षकांनी तपासली तर एकानं पाचपैकी दोन दिले, दुसऱ्यानं चार. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक, आपल्याकडं पाऊस पुरुष का आणि नदी बाई का याला काही कारणच नाही, मग पोरगं चाचपडणारच. बोलताना 'चमचा'तला च चंद्रातल्या च सारखा काढतं त्याचंही तेच, कन्नडला तो एकच च आहे. यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं हे तू टेस्ट लिहायच्या आधी ठरवलं नाहीस तर दोन आणि चारची ती सरासरी घेऊन काय लोणचं घालणार आहेस?

चिडू नको. तुझा विषय हलका नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे त्या पोरांची परीक्षा होणार, मार्क पडणार, आणि दुसरी भाषा म्हटलं की आपल्या डिपार्टमेंटात सगळ्यांना फक्त इंग्रजी दिसते. परीक्षांवर संशोधन करणाऱ्या आल्डरसन आणि वॉल यांनी श्रीलंकेत काय केलं आठव, परीक्षा बदलली की शिकवणं बदलतं असं सगळे धरून चाललेले, हे लोक वर्गातलं शिकवणं बघत राहिले आणि दिसलं की काय शिकवायचं ते बदललं, कसं शिकवायचं ते तसंच राहिलं. १९९३ चा तो लेख. शेजारी बसल्याशिवाय हे कळलं नसतं.

मला लोक अडेलतट्टू म्हणायचे. दहा पोरांशी बोलून आल्याशिवाय मी कुणाच्या सिनॉप्सिसवर सही केली नाही, दोघं-तिघं गाइड बदलून गेले, माझ्याकडून पीएचडी झालेले एका हाताच्या बोटांवर आहेत. पण त्यांच्या प्रत्येकाच्या टेस्टमधला प्रत्येक प्रश्न काय मोजतो ते त्यांना सांगता येतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, आणि वाटावं असंही वाटत नाही.

मला कन्नड येत नाही. त्या पॅनेलवरही कुणाला येत नसावं. तू घरी कन्नड बोलतेस, आणि हे तू प्रेझेंटेशनमध्ये सांगितलंससुद्धा नाहीस!

गुरुवारी जतची एसटी धर. सहा पोरं घे, दोन हुशार, दोन मधली, दोन मागच्या बाकावरची. उतारा दे, उत्तर लिहून झालं की लगेच कन्नडमध्ये विचार, हे तुला कसं कळलं. बरोबर की चूक बोलू नकोस, मान पण हलवू नकोस, शिकवायला तर अजिबात लागू नकोस, तुला ती खोड आहे. मोबाइलवर रेकॉर्ड कर, पण आधी हेडमास्तरांना आणि पालकांना विचारून. विषय बदलायचा का ते त्यानंतर बोलू.

रविवारी चारनंतर ये. कन्नडचं मराठी तू करून सांग, मी लिहून घेईन.