टिम गिल यांनी सॉफ्टवेअरमधून मिळवलेला पैसा समान हक्कांसाठी नेमका कसा वापरला?

तुम्ही विचारलंय की क्वार्क कंपनीचे संस्थापक टिम गिल यांनी अमेरिकेत समलिंगींच्या हक्कांसाठी एवढा पैसा दिला म्हणतात, तर ते नुसते चेक फाडत होते की त्यामागे काही पद्धत होती? पद्धत होती, आणि माझ्या मते रकमेपेक्षा तीच जास्त समजून घेण्यासारखी आहे. आधी पैसा कुठून आला ते थोडक्यात सांगतो.

गिल यांचा जन्म १९५३चा, इंडियाना राज्यातला. वाढले कोलोरॅडोत, आणि शिकलेही तिथेच, बोल्डरच्या विद्यापीठात. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी कॉलेजात असतानाच उघडपणे सांगितलं होतं. १९८१मध्ये आईवडिलांकडून २,००० डॉलर उसने घेऊन त्यांनी डेन्व्हरमध्ये क्वार्क काढली. सुरुवातीचा माल अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरसाठीचा वर्ड प्रोसेसर होता. फ्रेड इब्राहिमी १९८६मध्ये आले आणि त्यांनी धंदा सांभाळला, गिल यांनी तंत्रज्ञान. १९८७मध्ये अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी क्वार्कएक्सप्रेस हे छपाईची पानं लावायचं सॉफ्टवेअर बाजारात आलं.

मराठी छपाईत काम केलेल्यांना हे नाव नवीन नाही. श्रीलिपीचे फॉन्ट टाकून क्वार्कमध्ये पानं लावणारी एक अख्खी पिढी आपल्याकडे होऊन गेली. पेजमेकर हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर त्याच्या दोन वर्षं आधी आलं होतं, तरी क्वार्क पुढे गेलं. याची दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे मजकुराची किंवा चित्राची प्रत्येक चौकट आकडे टाईप करून हवी तिथे अचूक बसवता यायची, अक्षरांमधलं अंतर बारकाईने कमी-जास्त करता यायचं. दुसरं म्हणजे एक्सटेन्शन: बाहेरच्या कंपन्यांना क्वार्कसाठी जोड-सॉफ्टवेअर लिहायची मुभा होती. एखाद्या वर्तमानपत्राने आपल्या जाहिरात विभागासाठी किंवा छपाईसाठी अशी चार-पाच जोड-सॉफ्टवेअर बसवली की दुसरीकडे जाणं त्याला परवडायचं नाही. नव्वदच्या दशकात व्यावसायिक पानं लावण्याच्या कामात क्वार्कला तोड नव्हती. गिल यांनी २०००च्या सुमारास आपला हिस्सा विकला, आणि बातम्यांत आलेला आकडा सुमारे ५० कोटी डॉलरचा होता. इनडिझाईन हे स्पर्धक सॉफ्टवेअर १९९९मध्ये आलं होतं आणि क्वार्कला नव्या मॅक ओएस एक्सवर यायला २००३ उजाडलं, हे लक्षात घेतलं तर ते अगदी वेळेवर बाहेर पडले.

पण हक्कांचं काम त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. नोव्हेंबर १९९२मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी त्या राज्याच्या घटनेतली ‘अमेंडमेंट २’ नावाची दुरुस्ती सुमारे ५३ टक्के मतांनी मंजूर केली. डेन्व्हर, बोल्डर आणि अ‍ॅस्पेन या शहरांनी समलिंगींना नोकरीत आणि घरभाड्यात भेदभावापासून संरक्षण दिलं होतं. या दुरुस्तीने ते रद्द होणार होतं आणि पुढेही कुठल्याच शहराला तसा नियम करता येणार नव्हता. कोर्टाच्या मनाईमुळे ती कधी अंमलात आली नाही आणि मे १९९६मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी रद्दबातल ठरवली. पण आपल्याच राज्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी असं मत दिलं, हा धक्का गिल यांना पुरला. १९९४मध्ये त्यांनी गिल फाउंडेशन स्थापन केलं.

इथून पुढचा एक प्रयोग मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत हुशारीचा वाटतो. फाउंडेशनने १९९६मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात ‘गे अँड लेस्बियन फंड फॉर कोलोरॅडो’ सुरू केला. १९९२ची ती दुरुस्ती आणणारी मोहीम याच शहरातून चालली होती, आणि फोकस ऑन द फॅमिली या बड्या पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनेचं मुख्यालयही तिथेच आहे. हा फंड समलिंगी संघटनांपुरता नव्हताच. कलासंस्था, सार्वजनिक प्रसारण, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था अशा सर्वसामान्य कामांना तो पैसे द्यायचा. अटी दोन. संस्थेच्या लेखी धोरणात लैंगिक कलावरून भेदभाव करणार नाही असं वाक्य हवं, आणि देणगीदार म्हणून फंडाचं पूर्ण नाव जाहीरपणे छापायला हवं. आता कार्यक्रमपत्रिकेत दर वेळी ते नाव लोकांच्या डोळ्यांसमोर येणार. आणि त्या वाक्यामुळे संस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला कायद्याने न दिलेलं संरक्षण मिळणार. ज्यांना बाकीचे देणगीदार दुखावतील अशी भीती होती त्यांच्यासाठी ही अट जड होती. पण अट गाळली असती तर ते साधं दानधर्माचं काम उरलं असतं, म्हणून ती न गाळणं मला योग्य वाटतं.

आता पैशाच्या खात्यांबद्दल. गिल यांचं काम समजायला हे कळणं गरजेचं आहे, आणि बहुतेक लेखांत नेमकं हेच सुटतं. अमेरिकेत असा पैसा साधारण तीन खात्यांतून जातो. पहिलं धर्मादाय खातं, म्हणजे आयकर कायद्यातली ५०१(सी)(३) संस्था. देणगीवर करसवलत मिळते, पण निवडणुकीत कुणाचा प्रचार करायचा नाही. गिल फाउंडेशनसारख्या खासगी फाउंडेशनला कायदे करून घेण्यासाठी आमदारांकडे पाठपुरावा करायलाही बंदी असते, आणि मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम दर वर्षी वाटावीच लागते. संशोधन, लोकशिक्षण, कोर्टातले खटले या खात्यातून चालतात. दुसरं ५०१(सी)(४). करसवलत नाही, पण कायद्यासाठी पाठपुरावा करता येतो. गिल अ‍ॅक्शन फंड हे त्यांचं या प्रकारचं साधन. तिसरं थेट निवडणुकीचं खातं: उमेदवाराला दिलेली मर्यादेतली देणगी किंवा उमेदवाराशी संगनमत न करता केलेला स्वतंत्र खर्च. बहुतेक धनिक पहिल्याच खात्यावर थांबतात, कारण करसवलत तिथेच आहे आणि नावही चांगलं राहतं. गिल यांनी तिन्ही खाती वेगळी ठेवून एकाच दिशेने वापरली. भेदभावबंदीचा कायदा शेवटी विधिमंडळातच होतो आणि तिथे मत देणारा माणूस निवडणुकीतून येतो, म्हणून फक्त जनजागृतीवर खर्च करत राहिलं तर काम अर्ध्यावर अडतं.

(अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ग्रीनकार्ड असेल तर तिथल्या निवडणुकीत स्वतःच्या पैशातून देणगी देता येते. एच-१बी व्हिसावर असाल तर उमेदवाराला, पक्षाला किंवा राजकीय समितीला एक डॉलरही देता येत नाही, मग निवडणूक गावपातळीची का असेना. धर्मादाय संस्थेला मात्र खुशाल द्या.)

खर्च कुठे करायचा याचंही त्यांचं गणित ठरलेलं होतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दहा लाख डॉलर कुठे गेले कळत नाही. राज्याच्या विधिमंडळाची एखादी जागा मात्र काही हजार डॉलरने फिरते, आणि लग्न, दत्तक, नोकरी, घर यांचे बहुतेक कायदे राज्यांच्या हातात आहेत. शिवाय आज राज्यात विरोधी विधेयक आणणारा आमदार उद्या मोठ्या पदावर जातो, त्यामुळे त्याला तिथेच रोखणं सर्वांत स्वस्त पडतं.

२००४मध्ये हे कोलोरॅडोत दिसलं. २००२च्या एका दुरुस्तीने विधिमंडळाच्या उमेदवाराला एका व्यक्तीने द्यायच्या देणगीवर प्राथमिक फेरीसाठी (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानासाठी) २०० आणि मुख्य निवडणुकीसाठी २०० डॉलरची मर्यादा घातली होती. मोठा पैसा थांबेल अशी अपेक्षा होती, पण झालं असं की तो उमेदवार आणि पक्षांकडून स्वतंत्र गटांकडे वळला. गिल, जॅरेड पोलिस, पॅट स्ट्रायकर आणि रट ब्रिजेस या चौघा धनिकांनी हे आधी ओळखलं आणि मोजक्या मतदारसंघांवर लक्ष धरलं. डेमोक्रॅटिक पक्षाने एकाच निवडणुकीत दोन्ही सभागृहं जिंकली. पोलिस हेही सॉफ्टवेअर-इंटरनेटच्या धंद्यातले आणि उघडपणे समलिंगी. २०१८मध्ये ते त्याच राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

पुढे हीच रीत दुसऱ्या राज्यांत गेली. आयोवात २००६मध्ये डॅनी कॅरोल या विधानसभेतल्या वरिष्ठ रिपब्लिकन नेत्याच्या विरोधकाला देशभरातून छोट्या-छोट्या देणग्या आल्या. एकेक देणगी पाहिली तर नजरेत भरण्यासारखं काही नव्हतं. कॅरोल हरले, आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली. याचं महत्त्व तीन वर्षांनी कळलं. एप्रिल २००९मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाह एकमताने मान्य केला. तो निकाल उलटवायला घटनादुरुस्ती लागणार होती, आणि ती दोन लागोपाठच्या विधिमंडळांत मंजूर झाल्याशिवाय मतदारांपुढे जात नाही. ती कधीच गेली नाही. विरोधकांनी मग दुसरी वाट शोधली. तिथे न्यायाधीशांना ठरावीक काळाने मतदारांकडून कौल घ्यावा लागतो, आणि २०१०मध्ये त्या निकालातल्या तीन न्यायाधीशांना मतदारांनी घरी पाठवलं. कोर्टात जिंकल्यावर न्यायाधीशांच्या कौलाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, त्याचं हे उदाहरण आहे.

न्यूयॉर्कचं उदाहरण त्याहून स्पष्ट आहे. डिसेंबर २००९मध्ये तिथल्या सिनेटने, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाने, विवाह समानतेचं (समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क देणारं) विधेयक ३८ विरुद्ध २४ असं फेटाळलं. त्यानंतर गिल यांच्या संघटनेच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या ‘फाइट बॅक न्यूयॉर्क’ने विरोधात मत दिलेल्या तिघांना लक्ष्य केलं. त्यात दोन डेमोक्रॅट होते आणि एक रिपब्लिकन. २०१०मध्ये तिघेही हरले, एक पोटनिवडणुकीत, एक पक्षांतर्गत फेरीत, एक नोव्हेंबरात. प्रचारातला मुद्दा विवाहाचाच असला पाहिजे असा हट्ट धरला नव्हता, त्या-त्या मतदारसंघात जे चालेल ते वापरलं. जून २०११मध्ये तेच विधेयक ३३ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झालं, चार रिपब्लिकन सिनेटरांच्या साथीने. तीन जागांचा हिशेब नुसत्या तीन मतांचा नव्हता. या प्रश्नावर विरोधात गेलं तर खुर्ची जाऊ शकते, हे उरलेल्यांना पहिल्यांदा कळलं.

सगळं जमलं असं मात्र नाही. २००६मध्ये आयोवात यश मिळत असताना खुद्द कोलोरॅडोत समलिंगी जोडप्यांना काही कायदेशीर हक्क देणारा प्रस्ताव मतदारांनी नाकारला आणि विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री ही व्याख्या घटनेत घातली. २००८मध्ये कॅलिफोर्नियातही समलिंगी विवाहावरच्या मतदानात हार झाली. या पराभवांनंतर चळवळीने मतदारांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा कळलं की ‘हक्क’ आणि ‘सवलती’ ही भाषा काठावरच्या मतदाराला परकी वाटते. तो स्वतःच्या लग्नाचा विचार सवलती म्हणून करत नाही. मग जाहिरातींत प्रेम, जबाबदारी, आयुष्यभराची सोबत हे शब्द आले, आणि बोलायला आले समलिंगी मुलांचे आईवडील, आजीआजोबा, पाद्री. २०१२मध्ये चार राज्यांत मतपेटीतूनच विजय मिळाला. हे संशोधन अनेक फाउंडेशनांनी मिळून पोसलं होतं. ‘सिव्हिल मॅरेज कोलॅबोरेटिव्ह’ नावाच्या सामायिक निधीतून आणि त्यातल्या सहभागी संस्थांकडून २००४ ते २०१५ या काळात १५.३ कोटी डॉलर खर्च झाले. जून २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर विवाह समानता मान्य केली, तोवर बहुसंख्य राज्यांत ती आधीच आली होती.

यावर आक्षेप आहेत आणि त्यातला एक मला पटतो. कोलोरॅडोतल्या श्रीमंत माणसाने आयोवातली जागा ठरवावी का? पद्धत कायदेशीर होती, पण ती कुणालाही वापरता येते, आणि दुसऱ्या बाजूचे धनिकही वापरतात. ट्रान्स लोकांचे प्रश्न विवाहाच्या लढ्यात मागे पडले ही टीकाही ऐकायला हवी, जरी कोलोरॅडोच्या २००८च्या कायद्यात दुकानं, हॉटेलं अशा सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावबंदीत लैंगिक कलाबरोबर लिंगओळखही आली होती.

गिल यांचा स्कॉट मिलर यांच्याशी २००९मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विवाह झाला, कारण कोलोरॅडोत तो होत नव्हता. मिलर पुढे स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. गिल २०१५मध्ये सॉफ्टवेअरकडेही परतले, आवाजाने घर चालवणाऱ्या जॉश या कंपनीचे सहसंस्थापक म्हणून. फाउंडेशनने आजवर दिलेली रक्कम ३० कोटी डॉलरच्या वर आहे. २००६ची ती व्याख्या कोलोरॅडोच्या घटनेतून मतदारांनीच नोव्हेंबर २०२४मध्ये काढून टाकली.

तुम्हाला स्वतः आकडे तपासायचे असतील तर अमेरिकेत खासगी फाउंडेशनला दर वर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं आणि ते सर्वांसाठी खुलं असतं. कुठल्या संस्थेला, कशासाठी, किती दिले याची यादी त्यात मिळते. ५०१(सी)(४) संस्थांच्या विवरणात मात्र देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत, त्यामुळे राजकीय खर्च शोधायचा तर त्या-त्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाकडची देणग्यांची नोंद पाहावी लागते.